चहा-भाकरीचा मुलूख

(दृश्य : परभणीच्या बाजूचं कापसाचं रान. दुपार कलती झालेली.)

वेचणीचे दिवस आहेत. सकाळपासून वाकून कापूस वेचणाऱ्या बाया चारच्या सुमाराला बांधाकडं येतात. कमरेच्या ओटीतला कापूस गाठोड्यात रिकामा होतो, आणि कुणीतरी आखाड्याकडं बघून हाक मारतं, "मावशे, ठेवला का च्या?"

आखाड्यावर तीन दगडांची चूल असते. जळण म्हणून गेल्या साली रचून ठेवलेल्या पऱ्हाट्या आणि तुराट्या. त्या भसकन पेटतात आणि तितक्याच लवकर विझतात, म्हणून एकीला चुलीपुढं बसूनच राहावं लागतं. धुरानं काळं पडलेलं जर्मनचं पातेलं. त्यात आधी पाणी, मग मूठभर साखर. आलं असलं तर दगडावर ठेचून. पाणी खळखळलं की पत्ती. चहा वर येतो, पदराच्या टोकानं पातेलं उचललं जातं, खाली बसतो, पुन्हा चुलीवर. असं दोनदा झालं की घरून पाण्याच्या बाटलीत आणलेलं दूध ओतायचं. पेले कमी आणि माणसं जास्त, म्हणून पहिल्या फेरीत म्हाताऱ्या बाया आणि अंगावर लेकरू पिणारी.

वेचणीची मजुरी किलोवर ठरते. चहा मात्र वजनात धरला जात नाही. तो मालकानं द्यायचा असतो, तो न दिला तर दुसऱ्या दिवशी बाया त्या रानात नाखुशीनंच येतात. सालगड्याचं साल पाडव्याला ठरतं, तेव्हा पैसे आणि धान्य बोललं जातं. चहाचं कुणी बोलत नाही, कारण तो आहेच असं दोन्हीकडून धरलेलं असतं.

मराठवाड्यातला चहा समजून घ्यायचा असेल तर सुरुवात इथून करावी, रानातून. या मुलखात चहा हा दोन जेवणांच्या मधला विरंगुळा फार थोड्या लोकांसाठी आहे. बाकीच्यांसाठी तो जेवणाचाच भाग आहे, आणि कित्येकदा तेच जेवण आहे.

(दृश्य : जुनी चित्रं. इंग्लंडमधला दिवाणखाना, मग कारखान्याच्या वस्तीतलं घर.)

चहाचा विषय निघाला की इंग्रजांची उदाहरणं दिली जातात. तीही नीट बघूया. 1840 च्या सुमाराला बेडफर्डच्या डचेस अ‍ॅना यांनी दुपारच्या चहाची रीत रूढ केली असं मानलं जातं. श्रीमंत घरांत रात्रीचं जेवण उशिरा होई, मधल्या वेळेत पोटात कालवाकालव व्हायची, म्हणून चहाबरोबर पातळ सँडविच, केक, स्कोन. हा बैठकीतल्या खुर्च्यांवर बसून घ्यायचा चहा. डेव्हन आणि कॉर्नवॉल या भागांत स्कोनवर घट्ट साय आणि जॅम लावून खातात, आणि आधी साय की आधी जॅम यावर त्या दोन परगण्यांचं आजही जमत नाही.

आपल्या कामाचा आहे तो तिसरा प्रकार, हाय टी. आज संभाजीनगरातल्या मोठ्या हॉटेलांत निरोपसमारंभाच्या पत्रिकेवर 'हाय टी' असतं आणि समोर पेस्ट्री येते. इंग्लंडमध्ये मात्र हे खाण-कारखान्यातून थकून आलेल्या कामगाराचं संध्याकाळचं जेवण होतं. जेवणाच्या उंच टेबलावर मांडलेलं : पाव, बटाटे, मटण किंवा चीज, आणि त्याबरोबर कडक गरम चहा. भूक मोठी, वेळ थोडा, पैसा त्याहून थोडा. असल्या घरात चहा काय काम करतो, हे आपल्याकडच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

(दृश्य : पहाट. उसाचा फड. कोप्यांची, म्हणजे झोपड्यांची, रांग.)

दसरा-दिवाळी झाली की बीड जिल्ह्यातून, आणि धाराशिव, जालन्यातूनही, ऊसतोड कामगारांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडं आणि कर्नाटकाकडं निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे एक जोडी, धरतात. पहाटे तीन-चारला बाई उठते, कोपीपुढं चूल पेटवते आणि पहिल्यांदा चहा ठेवते. तो बहुतेक वेळा कोरा. दूध आणणार कुठून? फडात ना गोठा, ना उधार देणारं ओळखीचं दुकान. या कोऱ्या चहात रात्रीची भाकरी बुडवून खायची आणि अंधारातच फडात जायचं. लेकरांनाही तेच. बाजरीची शिळी भाकरी चहात टाकली की मऊ पडते, म्हणून दात पडलेली आजी आणि दात न आलेलं लेकरू एकाच वाटीतून खातात.

त्या चहात जी साखर असते, ती याच हातांनी तोडलेल्या उसाची असते.

हे आम्ही कौतुकानं दाखवत नाही. चहा भूक मारतो, हे या बायांना ठाऊक आहे, आणि म्हणूनच तो पितात. पण चहातले टॅनिनसारखे घटक भाकरी-भाजीतलं लोह शरीरात पुरतं मुरू देत नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळलं. भाकरी आणि चहा यांत तासभराचं अंतर ठेवावं, असं आहाराचे जाणकार सांगतात. सांगणं बरोबर आहे. पहाटे चारला ज्या बाईकडं तेवढ्या दोनच गोष्टी आहेत, तिच्यापुढं हा सल्ला अपुरा पडतो. तिच्या ताटात भाजी कशी येईल, लेकराला दूध कसं मिळेल, हे बघितल्याशिवाय चहा कमी करा असं म्हणायचा अधिकार आपल्याला नाही, असं मला वाटतं.

(दृश्य : नांदेड रेल्वे स्थानक. चहाची किटली.)

चहा या मुलखात उशिरा आला. आसामचा चहा लंडनच्या लिलावात पहिल्यांदा विकला गेला तो 1839 मध्ये, पण मराठवाड्यातल्या खेड्यात त्यानंतर कितीतरी वर्षं पाहुण्यापुढं गूळ-पाणीच येत होतं. उन्हातून आलेल्या माणसाला गुळाचा खडा आणि तांब्याभर पाणी. तेव्हा हा सगळा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. 1900 च्या सुमाराला मनमाडहून सिकंदराबादला जाणारी रेल्वे सुरू झाली, ती औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड अशी. हैदराबादशी या शहरांचं येणं-जाणं वाढलं ते याच रुळांवरून.

हैदराबादच्या इराणी चहाची रीत निराळी. पाणी आणि पत्ती झाकण लावून मंद आचेवर दम देऊन ठेवतात, दूध वेगळं आटवतात, आणि पेल्यात दोन्ही एकत्र येतात. सोबत उस्मानिया बिस्कीट, थोडं गोड, थोडं खारट. नाव सातव्या निजामाच्या, मीर उस्मान अली खानांच्या नावाशी जोडलेलं. नांदेडच्या किंवा संभाजीनगरच्या जुन्या मोहल्ल्यांत रमजानच्या रात्री फिरून बघा. तरावीहची, म्हणजे रमजानमधली रात्रीची, नमाज झाली की हॉटेलांच्या बाकड्यांवर जागा मिळत नाही, आणि खारी आणि चहा पार सहरीपर्यंत, म्हणजे रोजा धरण्याआधीच्या पहाटेच्या खाण्यापर्यंत, चालतो.

खेड्यात चहा रुजायला आणखी एक गोष्ट कारणी लागली. 1930 च्या दशकात आसामात सीटीसी यंत्र आलं. पान चुरडून, फाडून, वळवून त्याचे बारीक दाणे करणारं. या दाण्यांचा चहा कमी पत्तीत गडद आणि कडक होतो, उकळला तरी टिकतो, आणि स्वस्त पडतो. किराणा दुकानात टांगलेली चहापत्तीची छोटी पुडी त्यातूनच शक्य झाली.

(दृश्य : लातूर. सकाळचं हॉटेल.)

आता थोडं चवीचं. लातूर-धाराशिवकडं सकाळच्या चहाबरोबर सुशीला पाहिजे, हा मुरमुऱ्यांचा पदार्थ. मुरमुरे पाण्यात भिजवून लगेच पिळून घ्यायचे. जास्त वेळ राहिले तर लगदा होतो. तेलात मोहरी-जिरं, शेंगदाणे, हिरवी मिरची, कांदा, हळद. त्यावर पिळलेले मुरमुरे, वरून डाळव्याचं कूट, कोथिंबीर, लिंबू. पोह्यांपेक्षा स्वस्त, आणि पोटाला हलकं. आडतीत सोयाबीन नाहीतर तूर घेऊन आलेला शेतकरी सौदा निघायची वाट बघत हे खातो आणि वर एक पेशल सांगतो. बाजाराच्या दिवशी चहाबरोबर भजे, आलूबोंडा, वर्तमानपत्राच्या कागदावर पसरलेली शेव. घरी मात्र चहाबरोबर चपाती. रात्रीची चपाती सुरळी करून बुडवायची. शाळेत निघालेल्या लेकराची न्याहारी म्हणजे हीच.

आणि बशी. दोन म्हातारे एकाच कपावर बसतात. एक कपातून पितो, दुसऱ्याला बशीत ओतून देतो. त्यात कंजूषपणा नाही. एवढा चहा दिवसातून दहादा होणार असतो, म्हणून प्रत्येक वेळी अर्धाच.

घरी गेलात तर हा संवाद ठरलेला :

"या, बसा. च्या ठेव गं."

"नको काकू, आत्ताच झाला."

"आत्ता झाला तो बाहेरचा. आमच्या दारात आलात, घोटभर घ्या."

यात 'नको' मनापासून म्हटलं तर माणसं दुखावतात. सोयरीक ठरवायला आलेल्या पाहुण्यांनी चहा घेतला नाही की घरातली माणसं एकमेकांकडं बघायला लागतात. वाटणीवरून बोलणं तुटलेल्या भावांत समेट व्हायचा असला तर मधला माणूस दोघांना आधी एका जागी चहाला बसवतो, मग विषय काढतो. "त्यांच्या घरचा चहासुद्धा घेत नाही," हे वाक्य ज्या घराबद्दल म्हटलं जातं, तिथलं वैर साधं नसतं.

एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेव्हाचा उन्हाळा या भागातला माणूस विसरलेला नाही. घागरीवर घर चालवणाऱ्या बाया त्या दिवसांतही पाहुण्याला विचारत होत्या, "च्या घेता ना?"

(दृश्य : गावाच्या वेशीजवळचं बंद पडलेलं हॉटेल. पत्र्याची वळचण.)

पण हाच चहा सगळ्यांना सारखा मिळत नव्हता. मराठवाड्यातल्या अनेक गावांत हॉटेलातले कप दोन जातीचे असायचे. एक आतल्या फळीवर. दुसरा, कान तुटलेला नाहीतर नुसती करवंटी, बाहेर वळचणीला खोचलेली. महार-मांगांच्या माणसानं स्वतः तो कप काढायचा, वरून ओतलेला चहा बाहेर उकिडवं बसून प्यायचा, स्वतः धुवायचा आणि पुन्हा खोचायचा. पैसे मात्र आतल्याइतकेच.

26 जानेवारी 1950 ला संविधान अमलात आलं. कलम 17 नं अस्पृश्यता नष्ट केली. कलम 15 मध्ये दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं यांत जातीवरून कुणालाही अडवता येणार नाही, असं स्पष्ट लिहिलं आहे. देशाच्या सर्वोच्च कायद्यात हॉटेलाचा उल्लेख यावा लागला, यावरून वळचणीचा कप किती खोलवर होता ते कळतं. तरी तो लगेच गेला नाही. 1970 च्या दशकात बाबा आढावांना 'एक गाव, एक पाणवठा' ही चळवळ उभी करावी लागली, इतकं पाणी आणि पेला दोन्ही वाटलेले होते. पुढं तरुण पोरं हॉटेलात शिरली, आतल्या बाकावर बसली, आतल्या कपात चहा मागितला. काही ठिकाणी मार खाल्ला, काही ठिकाणी हॉटेलं बंद ठेवली गेली. आता कागदी कप आले. फेकायचा कप सगळ्यांना एकच, त्यामुळं जुना भेद दिसत नाही. तो मनातून गेला की फक्त नजरेआड झाला, हे कपावरून सांगता येत नाही. ते दुसरीकडं बघावं लागतं.

ते बघायची जागा म्हणजे सुतकाचं घर. ज्या घरात माणूस गेलं त्या घरात चूल पेटत नाही. मातीवरून लोक परतले की शेजारून किटली येते. घरातली बाई काही खात नाही, कुणाशी बोलत नाही, मग तिची जाऊ नाहीतर शेजारीण तिच्या हातात पेला देते, पेल्याला स्वतःचा हात लावून धरते, म्हणते, "एक घोट घे बाई, घशाला कोरड पडली असंल." दुःखात पोटात जाणारं पहिलं काही असेल तर हा चहा असतो. पुढचे दिवस गल्लीतली घरं आपसात ठरवून चहा आणि पिठलं-भाकरी पोचवतात.

या किटल्या कोणत्या गल्लीतून निघतात आणि कोणत्या गल्लीत पोचतात? काही गावांत बौद्धवाड्यातली किटली पाटलाच्या वाड्यात गेलेली आहे आणि तिथल्या माणसांनी ती घेतलेली आहे. काही गावांत ती मधल्या रस्त्यापर्यंतच येते. तुमच्या गावात काय होतं, ते घरातल्या म्हाताऱ्या माणसाला आज विचारा. आणि नुसतं मोठ्यांच्या घराचं विचारू नका. बौद्धवाड्यात माणूस गेलं तेव्हा गावातून कोण किटली घेऊन गेलं होतं, तेही विचारा.