तळेगावच्या काचेपासून हडपसरच्या कुपीपर्यंत

(दृश्य: जाकार्तातील गजबजलेला रस्ता, गल्लीच्या तोंडाशी उभी तीनचाकी वाहने.)

इंडोनेशियातील जाकार्ता शहरात या तीनचाकीला कोणी रिक्षा म्हणत नाही. तिथे ती ‘बजाय’ आहे. टांझानियातील दार-एस-सलाममध्ये तिला ‘बजाजी’ म्हणतात, तर इथिओपियात ‘बजाज’. पुण्याहून लोणावळ्याला जाणाऱ्या लोकलमधून आकुर्डी स्थानक मागे टाकणाऱ्या प्रवाशाला ज्या कारखान्याचे नाव तोंडपाठ असते, ते नाव समुद्रापलीकडच्या तीन भाषांत सामान्यनाम होऊन रुळले आहे. या कंपनीच्या उत्पादनाची सुरुवात इटालियन परवान्यावर झाली, हे खरेच आहे. पण तो परवाना संपल्यावर १९७२ साली तिने स्वतःची स्कूटर बाजारात आणली आणि तिला राणा प्रतापांच्या घोड्याचे, चेतकचे, नाव दिले.

पुण्याच्या अभिमानाची गोष्ट निघाली की आपण शनिवारवाड्यापासून बाकरवडीपर्यंत सगळे सांगतो, आणि ते सांगावेच. मात्र याच शहराच्या परिसरात अशाही काही वस्तू घडल्या, ज्या आपल्या गप्पांत क्वचितच येतात. आज आपण त्यांच्या शोधात निघणार आहोत.

(दृश्य: तळेगाव दाभाडे, काचेच्या भट्टीतील धगधगता गोळा, फुंकणी.)

स्वदेशी हा शब्द पुण्याला नवा नाही. १८७७ साली दिल्ली दरबार भरला, तेव्हा सार्वजनिक सभेच्या वतीने गेलेले गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, त्या भरजरी थाटात हातसुताच्या साध्या खादीत उभे राहिले होते. पुढे १९०५ साली, बंगालच्या फाळणीमुळे देश पेटलेला असताना, पुण्यात विदेशी कापडाची होळी झाली, आणि ती आपण शाळेच्या पुस्तकापासून ओळखतो. तिच्यानंतर तीनच वर्षांनी पेटलेली आग मात्र फारशी कोणाला आठवत नाही. आम्हाला तर तीच अधिक मोलाची वाटते. ती होती तळेगावच्या काचेच्या भट्टीची.

अंताजी दामोदर काळे यांची कल्पना अशी होती की प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यावा आणि त्यातून देशी उद्योग उभा राहावा. त्या काळी रुपयाचे चौसष्ट पैसे होत, म्हणजे मागणी इतकी लहान होती की हातावर पोट असलेल्या माणसालाही ‘नाही’ म्हणावे लागू नये. लोकमान्य टिळकांनी ही कल्पना उचलून धरली आणि १९०८ मध्ये पैसा फंड काच कारखाना सुरू झाला. परदेशात काचविद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांच्यासारखे जाणकार तिथे लाभले, आणि माल काढण्याइतकेच महत्त्व काम शिकवण्याला दिले गेले. विदेशी काचेवर बहिष्कार घालणे एका दिवसात जमते. लाल रसाचा तप्त गोळा फुंकणीच्या टोकावर तोलून, त्यात नेमका श्वास सोडून, सारख्या जाडीची बाटली काढणारा हात घडवायला वर्षे लागतात. त्या वर्षांचा खर्च लोकांच्या एकेका पैशाने उचलला.

(दृश्य: पिंपरी, जुन्या कारखान्याचे आवार, मातीचे जवळून घेतलेले दृश्य.)

स्वातंत्र्य मिळाले तेव्हा पेनिसिलीन हे जीव वाचवणारे औषध आपल्याकडे बाहेरून येत होते. ते इथेच तयार व्हावे म्हणून १९५४ साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने हा सरकारी कारखाना उभा राहिला, आणि पिंपरी या तेव्हाच्या छोट्या गावाचे नाव औषधांच्या पेट्यांवर आले.

परक्या विद्येने उभारलेल्या कारखान्याने फक्त शिकवलेलेच करावे, असे कुठे आहे? प्रतिजैविके तयार करणारे अनेक सूक्ष्मजीव मातीत राहतात, आणि पिंपरीच्या संशोधन विभागात एम. जे. थिरुमलाचार व त्यांचे सहकारी अशाच सूक्ष्मजीवांचा माग काढत होते. त्यातून बुरशीच्या संसर्गावर चालणारे एक नवे औषध हाती आले. त्याचे नाव ‘हॅमायसिन’ ठेवले गेले, ज्याच्या आरंभीची अक्षरे हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची आहेत, आणि ते तयार करणाऱ्या सूक्ष्मजीवाला ‘स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना’ हे शास्त्रीय नाव मिळाले. पिकांवरील बुरशी रोखणारे ऑरिओफंजिन हेही याच प्रयोगशाळेचे. आज पिंपरीत मोकळी माती शोधावी लागते. पण सूक्ष्मजीवशास्त्राच्या लॅटिन नावांत पिंपरी कायमची नोंदली गेली आहे.

(दृश्य: खोडद, जुन्नर तालुका. पहाटेच्या उजेडात ज्वारीच्या शेतापलीकडे उभी प्रचंड तबकडी.)

पुण्याहून नाशिकच्या रस्त्याने निघून, टोमॅटोच्या बाजारासाठी प्रसिद्ध असलेल्या नारायणगावच्या पुढे आत वळले की खोडद लागते. शेताच्या बांधावरून पाहिले तर आकाशाकडे तोंड करून बसलेली ही तबकडी ४५ मीटर व्यासाची आहे. अशा एकूण ३० तबकड्या या परिसरात आहेत. त्यांपैकी १४ मध्यभागी जवळजवळ उभ्या आहेत आणि उरलेल्या १६ इंग्रजी ‘वाय’ अक्षराच्या तीन हातांप्रमाणे गावोगावच्या शिवारांत पसरल्या आहेत, इतक्या दूर की टोकाच्या दोन तबकड्यांमध्ये सुमारे २५ किलोमीटर अंतर पडते. सगळ्या मिळून त्या एकाच महाकाय दुर्बिणीचे काम करतात. हीच जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, म्हणजे जीएमआरटी.

आता जरा जवळ जाऊ या. तबकडीच्या खाली उभे राहून वर पाहिले की पहिला धक्का बसतो तो असा, की तिच्यातून आकाश दिसते. आपल्या कल्पनेतील दुर्बिणीची तबकडी भरीव पत्र्याची असते. इथे मात्र स्टेनलेस स्टीलच्या बारीक तारेची जाळी आहे. ती तार जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची. नळ्यांच्या कमानींवर पोलादी दोर ताणले आहेत आणि त्या दोरांवर ही जाळी बेतून बसवली आहे. खेड्यातील बाजेला सुंभ कसे ताणून विणतात, ते ज्याने पाहिले आहे, त्याला ही रचना समजायला वेळ लागणार नाही.

ही युक्ती प्राध्यापक गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांची. त्यांनी विचार असा केला की ज्या रेडिओलहरी पकडायच्या आहेत, त्यांची लांबी वीसेक सेंटिमीटरपासून काही मीटरपर्यंत आहे. सेंटिमीटरभर भोकांची जाळी त्या लहरींना भरीव आरशासारखीच वाटेल आणि त्या परावर्तित होतील. वारा मात्र जाळीतून आरपार निघून जाईल. वाऱ्याचा दाब कमी झाला की सांगाडा हलका चालतो, सांगाडा हलका झाला की पाया, मोटारी आणि पोलाद, सगळ्यांचाच खर्च उतरतो. श्रीमंत देशांनी जे काम वजनाने साधले असते, ते इथे विचाराने साधले. आसपासच्या डोंगरांनी शहरी रेडिओगोंगाट अडवावा आणि पुणे हाताशी असावे, म्हणून खोडदची जागा निवडली गेली. आवारात शिरताना मोबाइल बंद करायला सांगतात, तेही याच शांततेसाठी.

पुण्यातील राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र ही दुर्बीण चालवते. जगभरातील खगोलशास्त्रज्ञ तिच्यावर निरीक्षणाची वेळ मिळावी म्हणून प्रस्ताव पाठवतात, आणि २०२३ साली विश्वात पसरलेल्या अतिमंद गुरुत्वीय लहरींचे पुरावे मांडले गेले, तेव्हा त्यात खोडदच्या निरीक्षणांचाही वाटा होता. दरवर्षी २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनी, इथे विज्ञानाची जत्रा भरते. पंचक्रोशीतील शाळांची मुले आपापले प्रयोग मांडून बसतात, आणि त्यांच्या पाठीशी ती जाळीदार तबकडी सावकाश मान वळवत असते.

(दृश्य: गणेशखिंड, सी-डॅकची इमारत, जुन्या यंत्राचे कपाट.)

शहरात परत येताना गणेशखिंडीत थोडे थांबू. अमेरिकेने महासंगणक देण्यास नकार दिला, त्यानंतर १९८८ मध्ये सी-डॅक हे सरकारी संगणक संशोधन केंद्र स्थापन झाले आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली ‘परम ८०००’ सिद्ध झाला. त्यातील प्रक्रियक, म्हणजे प्रोसेसर, परदेशी होते; ते शेकड्यांनी जोडून एकाच गणितावर एकाच वेळी राबवण्याची बांधणी मात्र इथली होती. आमच्या मते स्वदेशीची खरी कसोटी इथेच लागते. प्रत्येक खिळा इथलाच आहे का, यापेक्षा अडचण कोणी ओळखली आणि ती सोडवणारी युक्ती कोणाची, हे पाहणे अधिक न्यायाचे. याच संस्थेत ‘जिस्ट’ हे तंत्र वाढले, ज्याने देवनागरीसह भारतीय लिप्या संगणकाच्या पडद्यावर आणल्या.

(दृश्य: हडपसर, जुन्या काळातील घोड्यांचा तबेला.)

शेवटचा मुक्काम हडपसर. इथल्या पूनावाला कुटुंबाचा घोडेपैदाशीचा व्यवसाय होता, आणि त्यांचे घोडे मुंबईच्या हाफकिन संस्थेला जात असत, जिथे घोड्यांच्या रक्तातील रसापासून धनुर्वातावरचे प्रतिविष तयार होई. हे काम आपणच का करू नये, असा विचार करून सायरस पूनावाला यांनी १९६६ साली सीरम इन्स्टिट्यूट सुरू केली. मात्रांच्या संख्येने मोजले तर ती आज जगातील सर्वांत मोठी लस उत्पादक आहे. कोविशिल्ड तर आपल्यापैकी बहुतेकांच्या दंडात गेली. तिचे मूळ संशोधन ऑक्सफर्डचे होते, हेही आपल्याला ठाऊक आहे. म्हणून आम्हाला सांगायची आहे ती दुसऱ्याच एका लशीची गोष्ट, जी पुण्यात तयार झाली, पण तयार झाली ती दूर आफ्रिकेसाठी.

आफ्रिकेत सेनेगलपासून इथिओपियापर्यंत एक पट्टा आहे, जिथे कोरड्या ऋतूत मेंदूच्या आवरणाला सूज आणणारा मेंदूज्वर उसळत असे. १९९६–९७ च्या साथीत अडीच लाखांहून अधिक लोक आजारी पडले आणि सुमारे २५ हजार मृत्युमुखी पडले. हा रोग आणणाऱ्या जिवाणूच्या ‘अ’ गटावर टिकाऊ लस करणे अशक्य नव्हते. पण ती ज्यांना हवी होती त्यांच्याकडे पैसे नव्हते, आणि बड्या औषध कंपन्यांना त्या किमतीत रस नव्हता. आफ्रिकी देशांचे म्हणणे स्पष्ट होते की मात्रेची किंमत अर्ध्या डॉलरच्या आत असेल तरच ती आम्हाला परवडेल. जागतिक आरोग्य संघटना आणि ‘पाथ’ ही संस्था ही अट घेऊन हडपसरला आली, आणि हडपसरने ती मान्य केली.

इथे घोड्यांची जुनी गोष्ट पुन्हा भेटते. या जिवाणूभोवती साखरेच्या साखळ्यांचे कवच असते, आणि लहान मुलांचे शरीर नुसत्या कवचाची ओळख नीट लक्षात ठेवत नाही. तेच कवच एखाद्या प्रथिनाला जोडून दिले तर ओळख पक्की होते. जोडण्याची पद्धत अमेरिकेतील सरकारी शास्त्रज्ञांकडून मिळाली. जोडायचे प्रथिन होते धनुर्वाताचे निर्विष केलेले विष, ज्यात हडपसरचा हात कित्येक वर्षे मुरलेला होता. लशीचे नाव ‘मेनआफ्रिव्हॅक’. डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोत १ ते २९ वर्षे वयाच्या लोकांना ती देण्यास सुरुवात झाली. पुढे असेही सिद्ध झाले की ४० अंश सेल्सिअसपर्यंतच्या उष्णतेत ही लस चार दिवस शीतपेटीबाहेर राहू शकते, त्यामुळे वीज आणि बर्फ नसलेल्या गावांपर्यंत ती नेता आली. पट्ट्यातील देशांत ३० कोटींहून अधिक लोकांनी ती घेतली आणि ‘अ’ गटाचा मेंदूज्वर तिथून जवळपास नाहीसा झाला. ‘अ’सह पाच गटांवर चालणारी नवी लस हडपसरनेच तयार केली, आणि २०२४ साली नायजेरियाने ती सर्वप्रथम वापरली.

(दृश्य: काळ्या पार्श्वभूमीवर एक छोटी काचेची कुपी. कॅमेरा हळूहळू तिच्या लेबलाजवळ जातो.)

करंगळीच्या लांबीची ही कुपी अनेक मुलांना पुरते. परिचारिका ती हातात धरून लेबल वाचते: आधी लशीचे नाव, मग मात्रा, मग मुदतीची तारीख. सर्वांत खाली बनवणाऱ्याचा पत्ता असतो, इतक्या बारीक टायपात की तो वाचायला कुपी उजेडात धरावी लागते. हडपसर, पुणे.