पीथमपूरला आलेला कचरा कोणाचा?

नमस्कार श्रोतेहो.

2025 सालच्या पहिल्याच तारखेला रात्री भोपाळहून बारा कंटेनर निघाले आणि उजाडायच्या आत आपल्या इंदूरच्या शेजारी, पीथमपूरला येऊन थांबले. त्यात 337 टन विषारी कचरा होता, इथल्या भट्टीत जाळायला आणलेला. युनियन कार्बाइडच्या कारखान्यातला. वायुकांड झालं 1984 मध्ये, म्हणजे हा कचरा चाळीस वर्षं तिथेच पडून होता. त्यानंतर पीथमपूर बंद झालं, दोघांनी स्वतःला पेटवून घेतलं, भट्टीजवळच्या तारापूर गावातल्या लोकांनी आमच्या विहिरींचं काय होणार म्हणून विचारलं, हे सगळं आपण बातम्यांत पाहिलं. पुढे उच्च न्यायालयाच्या देखरेखीखाली आधी तीस टन जाळून चाचणी झाली आणि जूनअखेर उरलेला कचराही भट्टीत गेला.

या कामासाठी 126 कोटी रुपये मंजूर झाले. ते केंद्र सरकारने दिले, म्हणजे तुम्ही-आम्ही दिले. ज्या कंपनीचा कचरा, तिचा त्यात रुपया नव्हता. आज मला एवढ्याच गोष्टीबद्दल बोलायचं आहे: देशोदेशी धंदा करणाऱ्या कंपनीची जबाबदारी नेमकी कुठवर पोहोचते, आणि कुठे अडते.

भोपाळचा कारखाना चालवणारी कंपनी भारतीय होती, पण तिचे 50.9 टक्के शेअर अमेरिकेतल्या मूळ कंपनीकडे होते. कारखाना तोट्यात चालला होता, म्हणून खर्च कापले जात होते. मिथाइल आयसोसायनेट हे रसायन थंड ठेवावं लागतं. टाकी थंड ठेवणारी यंत्रणा वायुकांडाच्या काही महिने आधीच बंद केली होती. गळलेला वायू जाळून टाकणाऱ्या मनोऱ्याचा पाइप दुरुस्तीसाठी काढलेला होता. वायू धुऊन निष्प्रभ करणारं यंत्र नुसतं तयारीत ठेवलेलं होतं. 2 डिसेंबरच्या रात्री टाकीत पाणी शिरलं, आणि सुमारे चाळीस टन वायू झोपलेल्या वस्त्यांवर पसरला. मी पीथमपूरच्या कारखान्यांत सुरक्षा अधिकारी म्हणून काम केलं आहे. त्या तीन बंद यंत्रणांची यादी आजही वाचली की अंगावर काटा येतो, कारण त्यातली एकही आपोआप बंद पडलेली नव्हती. प्रत्येकीमागे कोणाचा तरी निर्णय होता.

नंतर कोर्टकचेऱ्या झाल्या. नुकसानभरपाईचा दावा आधी न्यूयॉर्कच्या कोर्टात गेला. तिथे अमेरिकेतली मूळ कंपनी म्हणाली, घटना भारतातली, साक्षीदार भारतातले, खटला तिकडेच चालवा. 1986 मध्ये त्या न्यायाधीशांनी ते मान्य केलं. पण भोपाळच्या फौजदारी कोर्टाने बोलावलं तेव्हा हीच कंपनी हजर झाली नाही. 1992 मध्ये तिला फरार घोषित करावं लागलं. तिचे अध्यक्ष वॉरन अँडरसन 1984 च्या डिसेंबरात अटक होऊन जामिनावर सुटले, अमेरिकेला गेले आणि खटल्यासाठी कधीच परतले नाहीत. 2014 मध्ये ते वारले. भरपाईचा दावा 1989 मध्ये 47 कोटी डॉलरवर मिटला. 2001 मध्ये डाऊ केमिकल्सने युनियन कार्बाइड विकत घेतली, आणि तीही म्हणते, भोपाळचं देणं आमच्याकडे लागत नाही. मालमत्ता एका कंपनीकडून दुसरीकडे सहज जाते. तिच्यामागचं देणं मात्र वाटेत कुठेतरी गळून पडतं, आणि शेवटी ज्याच्या घराजवळ कचरा आहे त्याच्या पदरात येतं.

कंपन्यांच्या अडचणी मी नाकारत नाही. एखाद्या बड्या कंपनीला माल पुरवणारे हजारो कारखाने असतात. त्या कारखान्यांना माल देणारे आणखी वेगळे. प्रत्येक देशाचे कायदे निराळे. प्रतिस्पर्धी स्वस्तात विकतो आहे, भागधारक दर तीन महिन्यांनी आकडे विचारतात. हे सगळं खरं आहे. पण खरी मेख कुठे आहे ते मी जवळून पाहिलं आहे.

एका परदेशी ग्राहकाचं ऑडिट असलं की आमच्याकडे आठवडाभर आधी निरोप यायचा. मग नवे हातमोजे निघायचे, अग्निशामकांवर ताज्या तारखांचे टॅग लागायचे, ठेकेदाराच्या पोरांना सांगितलं जायचं, ड्यूटी किती तासांची विचारलं तर आठ सांगा. ऑडिटवाले चांगले असायचे, मनापासून विचारायचे. पण त्याच ग्राहकाच्या खरेदी विभागाकडून दरवर्षी पत्र यायचं: यंदा दर इतके टक्के कमी करा. तो पैसा मालक कुठून काढणार? लोखंडाचा भाव त्याच्या हातात नाही, विजेचा नाही. उरतो तो ठेक्यावरचा कामगार, त्याचा पीएफ, त्याचा ओव्हरटाइम. एकाच कंपनीचे दोन विभाग दोन टोकांना ओढत होते, आणि भाव ठरवणाऱ्याने शॉप फ्लोअरवर कधी पाऊल ठेवलं नव्हतं.

ढाक्याजवळ साभारला 24 एप्रिल 2013 रोजी राना प्लाझा ही आठ मजली इमारत कोसळली. 1,134 माणसं मेली. आदल्या दिवशी भिंतींना तडे गेले होते. खालच्या मजल्यांवरची बँक आणि दुकानं बंद झाली. वरच्या कपड्यांच्या कारखान्यांतल्या बायकांना मात्र दुसऱ्या दिवशी कामावर बोलावलं, कारण युरोप-अमेरिकेच्या ऑर्डरी वेळेत जायच्या होत्या. त्या धक्क्यानंतर एक चांगली गोष्ट घडली. दोनशेहून अधिक ब्रँडांनी कामगार संघटनांबरोबर करार केला. त्यातली बंधनं कायद्याने पाळावी लागत होती, तपासणीचे अहवाल जाहीर होत होते, आणि दुरुस्तीला पैसा उपलब्ध करण्याची जबाबदारी ब्रँडांवरही होती. म्हणजे मनात आणलं तर हे जमतं.

कायदेही होऊ लागले. फ्रान्सने 2017 मध्ये मोठ्या कंपन्यांना आपल्या पुरवठादारांकडेही लक्ष ठेवणं सक्तीचं केलं. जर्मनीत तसाच कायदा 2023 पासून लागू झाला. युरोपीय संघाने 2024 मध्ये आपल्या सगळ्या देशांसाठी असाच नियम केला, पण पुढच्याच वर्षी त्याची मुदत लांबवली. कंपन्या म्हणतात, खर्च वाढतो. माझं म्हणणं आहे, खर्च आधीपासूनच आहे. फक्त तो आज तारापूर आणि साभारची माणसं भरत आहेत.

आपल्याकडे 2013 च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करायला लावले. शाळांना वॉटर कूलर मिळाले, दवाखाने झाले, चांगलंच आहे. पण नफा कसा मिळवला, हा प्रश्न त्याने सुटत नाही. त्याचं उत्तर आपल्याच सर्वोच्च न्यायालयाने 1986 च्या डिसेंबरात दिलं होतं, दिल्लीतल्या ओलियम या जहाल आम्लाच्या वायुगळतीच्या प्रकरणात. धोकादायक उद्योग चालवणाऱ्यावर संपूर्ण जबाबदारी, कोणतीही सबब चालणार नाही, आणि कंपनी जितकी मोठी तितकी भरपाई मोठी. न्यायमूर्ती भगवती यांनी हे लिहिलं तेव्हा भोपाळ सर्वांच्या डोळ्यांसमोर होतं. तरीही भोपाळचा दावा तडजोडीने मिटला, आणि हा नियम कार्बाइडला लागला नाही.

राजेंद्रनगर, लोकमान्यनगर भागातून रोज सकाळी किती बसगाड्या पीथमपूरकडे जातात ते तुम्ही पाहता. त्यात आपली मुलं-मुली असतात, बरीच मोठ्या हुद्द्यावर. त्यांना माझी विनंती आहे. खरेदी विभागात असाल तर दर कापण्याच्या कागदावर सही करण्याआधी ऑडिटचा अहवाल मागवून वाचा, आणि जो आपल्या कामगारांचा पीएफ भरत नाही अशा पुरवठादाराचा स्वस्त भाव स्वीकारू नका. बाकीच्या श्रोत्यांनी एक मागणी लावून धरावी. जाळलेल्या कचऱ्याची राख जिथे पुरली जाईल, तिथल्या विहिरी आणि बोअरच्या पाण्याची तपासणी दर महिन्याला व्हावी आणि तिचा निकाल तारापूरच्या पंचायतीबाहेर, हिंदीत, आकड्यांसकट लावावा. त्याचा खर्च कोणाकडून वसूल करायचा, हेही त्याच फलकावर लिहिलेलं असावं.

नमस्कार.