ट्रंक कॉल आणि जिम रीव्हज

पत्रिकेवर विषय छापलाय, ‘नॅशव्हिल साउंड आणि आपलं भावगीत’. विषय भारदस्त आहे, मीच सुचवला होता. त्याच्याकडे येतोच. पण आधी पुण्यातल्या एका होस्टेलची खोली डोळ्यांसमोर आणा. साल १९७५. खाटा दोन, झोपणारे चार. दोघे रीतसर, दोघे पॅरासाइट. पॅरासाइट म्हणजे काय, हे या सभागृहात सांगायला नको. निम्मे तुम्ही तेच होतात. (हशा)

आमच्यात एक वसईचा होता. नाताळच्या सुट्टीवरून येताना त्याने वडिलांचा, सुटकेससारखा मिटणारा रेकॉर्ड प्लेअर आणला आणि जिम रीव्हजच्या तीन रेकॉर्डी. जिम रीव्हज म्हणजे अमेरिकेतला कंट्री, म्हणजे तिथल्या गावाकडच्या ढंगाची गाणी गाणारा गायक. नरकचतुर्दशीला पहाटे आपल्याकडे रेडिओवर कीर्तन लागायचं ना, तसा त्यांच्या घरी नाताळला जिम रीव्हज लागायचा. बाकीचे आम्ही साताऱ्याचे, लातूरचे, एक जळगावचा. इंग्रजी गाणं म्हणजे आरडाओरडा, ही आमची ठाम समजूत. त्यात जळगावकराने मिनिटाला पंचेचाळीस फेऱ्यांची रेकॉर्ड तेहतीसच्या वेगावर लावली. आधीच खर्जातला माणूस! ज्ञानेश्वरांचा रेडा इंग्रजीत वेद म्हणतोय असं वाटलं. आणि आम्ही ती अख्खी बाजू भक्तिभावाने ऐकली. म्हटलं, टेक्सासकडे असंच गात असतील. वसईकर आंघोळीहून आला आणि कपाळाला हात लावून बसला.

मग योग्य वेगावर लागलं ते गाणं, ‘ही’ल हॅव टू गो’. माणूस बारमधून प्रेयसीला फोन करतोय. तिच्याजवळ दुसरा कुणीतरी बसलाय, हे याला कळलंय. भांडत नाही, रडत नाही. तोंड फोनच्या जवळ आण म्हणतो, आणि त्या गृहस्थाला आता जावं लागेल एवढं सांग म्हणतो. जो अँड ऑड्री ॲलिसन या नवरा-बायकोने लिहिलंय. १९५९ च्या शेवटी रेकॉर्ड आली तेव्हा हे गाणं मागच्या बाजूला होतं, पुढच्या बाजूचं आज कुणाला आठवत नाही. १९६० मध्ये हे अमेरिकेच्या कंट्री यादीत चौदा आठवडे पहिलं होतं.

आम्हाला यातलं काही ठाऊक नव्हतं. आम्हाला एवढंच कळलं की ‘त्याला जावं लागेल’. रेक्टर फेरीला निघाले की जिन्यापाशी उभा असलेला कुणीतरी ती ओळ खर्जात सुरू करायचा, आणि खोल्याखोल्यांतून पॅरासाइट गॅलरीतून पसार! पुढे रेक्टरच ती चाल गुणगुणताना सापडले. (हशा) खरं सांगतोय.

आता ट्रंक कॉल. तुमची नातवंडं यावर विश्वास ठेवणार नाहीत. होस्टेलला फोन एकच, रेक्टरच्या ऑफिसात. नागपूर लागायला दुपार जायची, आणि लागलं की असं ओरडायचं, की फोन नसता तरी नागपूरला ऐकू गेलं असतं. आमच्या सातारकराचं लग्न नागपूरला ठरलेलं. एका संध्याकाळी कॉल लागला. आम्ही दाराबाहेर दहाजण. तो नेहमीसारखा ‘हॅलो, हॅलो’ बोंबलायला लागला, तर वसईकर खिडकीतून म्हणाला, “अरे, जिम! जिम!” पठ्ठ्याने ओठ रिसीव्हरला टेकवले, आवाज पार तळघरात नेला आणि विचारलं, “कशी आहेस?”

पलीकडून सासरे. “कोण बोलतंय? मोठ्याने बोला!” याने आणखी खाली, “मी... मीच.” तेवढ्यात ऑपरेटरबाई, “थ्री मिनिट्स ओव्हर.” आठवड्याने नागपूरहून पार्सल. आत सितोपलादी चूर्णाचे दोन डबे आणि चिठ्ठी: जावईबापूंचा घसा बसलेला दिसतो, मधातून घ्यावे. चूर्ण आम्ही सगळ्यांनी मेसच्या पोळीबरोबर संपवलं. लग्नही झालं, काळजी नको.

लातूरकराने तर जिमला पत्र लिहायला घेतलं होतं. पुढे कळलं की ३१ जुलै १९६४ ला, स्वतःच चालवत असलेलं छोटं विमान नॅशव्हिलजवळ वादळात सापडून तो गेला होता. वय चाळीस. आम्ही त्याला ऐकायला बसलो तेव्हा अकरा वर्षं झाली होती. त्याच्यामागे रेकॉर्डी येतच राहिल्या. १९६६ मध्ये तर त्याचं गाणं इंग्लंडमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. ते पत्र लातूरकराने फाडलं नाही, एवढं मला माहीत आहे.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं. म्हणजे मूळ विषय! (हशा) भरभर सांगतो.

जिम रीव्हज आधी बेसबॉल खेळायचा, पाय दुखावला, मग रेडिओवर निवेदक झाला. माइक ही काय चीज आहे, ते तिथे कळलं. तरी १९५३ चं त्याचं ‘मेक्सिकन जो’ मोठ्या आवाजातच आहे. १९५७ मध्ये ‘फोर वॉल्स’च्या वेळी त्याने आवाज खाली आणला, तोंड माइकच्या जवळ नेलं. निर्माते चेट ॲटकिन्स. फिडल आणि स्टील गिटार मागे सरले, कोरस मऊ झाला. तोच नॅशव्हिल साउंड. सोवळे कंट्रीवाले आजही म्हणतात, ही साखर घातलेली कंट्री. आपल्याकडे भावगीताला ‘हे काय गाणं आहे’ म्हणणारे बुवा होतेच की. पाडगावकर, खळे, अरुण दाते यांचं ‘शुक्रतारा’ मांडवातल्या कर्ण्यावर लावून बघा, मरून जातं. ते कानाशी गायलेलं आहे. माझं म्हणणं एवढंच की माइकमुळे गायकाला ओरडायची गरज उरली नाही, आणि मग ऐकणाऱ्यालाच जवळ सरकावं लागलं. प्लेअरचा आवाज मुळात बेताचा, बाहेर मेसच्या ताटांचा खडखडाट. म्हणून आम्ही आठ-दहाजण त्या एका खाटेभोवती गुडघ्याला गुडघा लावून बसायचो. आमची मैत्री त्या अंतरावर झाली. भावगीताची जी उदाहरणं काढून आणली होती, ती सात पानं आता खिशातच राहतील.

वसईकर मागच्या रांगेत बसलाय, प्लेअर त्यानेच आणलाय. लाव रे. आणि वेग बघ, जळगावकर शेजारीच आहे.