अँजिओग्राफी नॉर्मल, तरीही हृदयस्नायू उपाशी

श्रोतेहो, हृदयस्नायूच्या आजारात, म्हणजे ज्याला आपण कार्डिओमायोपॅथी म्हणतो त्यात, एक प्रसंग वारंवार घडतो. रुग्णाच्या छातीत दुखते, चालताना धाप लागते, रक्तात ट्रोपोनिन, म्हणजे हृदयस्नायूच्या पेशींना इजा झाली की रक्तात उतरणारे प्रथिन, वाढलेले सापडते आणि अँजिओग्राफीत मात्र एकही अडथळा दिसत नाही. मग ‘रिपोर्ट नॉर्मल आहे, काळजी करू नका’ असे सांगून त्याला घरी पाठवले जाते. हे उत्तर अपुरे आहे आणि ते का अपुरे आहे, हाच माझ्या आजच्या बोलण्याचा विषय आहे.

हृदयाच्या डाव्या कप्प्यात रक्त खेळत असले, तरी त्याचा जाड स्नायू त्या रक्तावर जगत नाही. त्याला रक्त मिळते ते महाधमनीच्या मुळापासून निघणाऱ्या कोरोनरी धमन्यांतून. विश्रांतीच्या वेळी हा पुरवठा मिनिटाला सुमारे २५० मिलिलिटर, म्हणजे हृदय बाहेर टाकत असलेल्या रक्ताच्या जेमतेम ५ टक्के असतो. त्या रक्तातील जवळपास ७० टक्के ऑक्सिजन हृदयस्नायू विश्रांतीतच काढून घेतो, त्यामुळे जिना चढताना मागणी वाढली की रक्तप्रवाहच वाढवणे हा एकच मोठा मार्ग त्याच्यापाशी उरतो. निरोगी हृदयात हा प्रवाह तिपटीपासून पाचपटीपर्यंत वाढू शकतो. या वाढीला कोरोनरी राखीव क्षमता म्हणतात. ती दुपटीहून कमी भरली, तर पुरवठ्यात निश्चित बिघाड आहे असे समजावे. शिवाय डाव्या कप्प्याच्या स्नायूला बहुतेक रक्त मिळते ते हृदय सैल पडल्यावर, कारण आकुंचनाच्या वेळी स्नायूच्या आतल्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात.

अँजिओग्राफीत दिसतात त्या हृदयाच्या पृष्ठभागावरच्या मोठ्या धमन्या. प्रवाहाचे खरे नियंत्रण करणाऱ्या, अर्ध्या मिलिमीटरहून बारीक वाहिन्या त्या चित्रात दिसतच नाहीत. पाट काठोकाठ भरून वाहत असला, तरी चाऱ्या बुजल्या असतील तर शेवटच्या वाफ्याला पाणी पोहोचत नाही. इथेही तसेच होते. हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथीत स्नायू जाड होतो, पण केशवाहिन्या त्या प्रमाणात वाढत नाहीत, आणि स्नायूतल्या बारीक धमन्यांच्या भिंतीही जाडावून त्यांची पोकळी अरुंद होते. डायलेटेड प्रकारात कारण निराळे असते: कप्पा फुगतो, त्यातला दाब वाढतो आणि स्नायूचा सर्वांत आतला थर या दाबाखाली चेपला जातो. त्यात नाडी जलद झाली की सैल पडण्याचा काळच आखूड होतो.

२००३ मध्ये फ्रांको चेक्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथीच्या ५१ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वाहिन्या रुंदावणारे औषध देऊन पेट स्कॅनने, म्हणजे किरणोत्सारी द्रव्याचा माग घेणाऱ्या तपासणीने, प्रवाह मोजला, तेव्हा तो निरोगी व्यक्तींत दर ग्रॅम स्नायूमागे मिनिटाला सरासरी २.७१ मिलिलिटर, तर या रुग्णांत १.५० मिलिलिटर भरला. पुढची सुमारे आठ वर्षे या रुग्णांवर लक्ष ठेवले, तेव्हा ज्यांचा प्रवाह सर्वांत कमी होता त्यांच्यात मृत्यू आणि प्रकृती ढासळणे हे दोन्ही अधिक दिसले. मला यातली सर्वांत गंभीर गोष्ट ही वाटते, की पुढे खालावलेल्या अनेकांना तपासणीच्या वेळी फारसा त्रास नव्हता.

आता रक्तातील खुणांकडे वळू. बीएनपी हे संप्रेरक १९८८ मध्ये जपानी संशोधकांनी डुकराच्या मेंदूतून वेगळे केले. माणसात त्याचा मुख्य उगम हृदयाच्या कप्प्यांत असतो, हे नंतर कळले. भिंत ताणली गेली की स्नायूपेशी १०८ अमिनो आम्लांचे पूर्वरूप तयार करतात. ते तुटून ३२ आम्लांचे क्रियाशील बीएनपी आणि ७६ आम्लांचा निष्क्रिय तुकडा, म्हणजेच एनटी-प्रोबीएनपी, असे दोन भाग होतात. भिंतीवरचा जो ताण बीएनपीचा आकडा वाढवतो, तोच आतल्या थरातल्या वाहिन्या चेपतो. आणि ऑक्सिजन कमी पडला तरीही बीएनपीच्या जनुकाला चालना मिळते. म्हणून रक्तातला आकडा आणि कोरोनरी प्रवाह या दोन स्वतंत्र कहाण्या नाहीत. ट्रोपोनिन मात्र ताण सांगत नाही, ते पेशींना झालेली इजा सांगते. धमन्या मोकळ्या असूनही ते दीर्घकाळ थोडे वाढलेलेच राहिले, तर त्याला ‘खोटा पॉझिटिव्ह’ म्हणून बाजूला सारणे मला मान्य नाही.

हे आकडे वाचताना रुग्ण समोर हवा. वय वाढले किंवा मूत्रपिंडे मंदावली की एनटी-प्रोबीएनपी वाढते. लठ्ठ व्यक्तीत ते अपेक्षेपेक्षा कमी येते. सॅक्युबिट्रिल हे हृदय कमकुवत झाल्यावर दिले जाणारे औषध चालू असेल तर बीएनपीचे विघटन अडते, म्हणून अशा रुग्णात एनटी-प्रोबीएनपीच मोजावे. उपचारांच्या परिणामाचा मागोवा घ्यायलाही या खुणा उपयोगी पडतात. मावाकॅम्टेन हे औषध स्नायूचे अतिरिक्त आकुंचन कमी करते; रक्त बाहेर पडण्याच्या मार्गात अडथळा असलेल्या हायपरट्रॉफिक रुग्णांवर त्याची मोठी चाचणी झाली आणि २०२० मध्ये तिचे निष्कर्ष आले, तेव्हा अडथळ्याबरोबर एनटी-प्रोबीएनपी आणि ट्रोपोनिन हे दोन्ही खाली आलेले दिसले.

आपल्याकडे याला आनुवंशिक बाजूही आहे. मायोसिन-बाइंडिंग प्रोटीन सी या प्रथिनाच्या जनुकातून डीएनएच्या २५ अक्षरांचा तुकडा गळालेला एक प्रकार भारतीय उपखंडातील सुमारे ४ टक्के लोकांत असतो, आणि त्याचा हृदयस्नायूच्या आजाराशी संबंध असल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. तो असलेल्या प्रत्येकाला आजार होतोच असे नाही. परंतु घरात एकाला हृदयस्नायूच्या आजाराचे निदान झाले, तर आईवडील, भावंडे आणि मुले यांनी ईसीजी आणि इको करून घ्यावा, तोही ठरावीक काळाने पुन्हा. बीएनपी नॉर्मल आले म्हणून ही तपासणी टाळू नये, कारण भिंत जाड होऊ लागली असली, तरी तिच्यावर पुरेसा ताण येईपर्यंत तो आकडा नॉर्मलच राहू शकतो.