आडवी बाटली आणि डेन्मार्क

श्रोतेहो, नमस्कार. देशाची राज्यघटना बदलायची का, हे थेट लोकांनाच विचारायचं, याला म्हणतात सार्वमत. आपल्याकडे ती सोय नाही. कलम ३६८ प्रमाणे घटना संसदेत बदलते. १९७८ साली मूलभूत बदलांसाठी सार्वमताची तरतूद आणायचा प्रयत्न झाला, पण राज्यसभेने ती वगळली.

पण मला सार्वमत कळलं ते बीड जिल्ह्यातल्या माझ्या आत्याच्या गावात. दारूचं दुकान बंद करायला बायकांचं मतदान होतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं: दुकान हवं तर उभी बाटली, नको तर आडवी. आदल्या रात्री आत्याने चुलीतल्या कोळशाने फरशीवर दोन बाटल्या काढल्या आणि शेजारणींना शिक्का कुठं मारायचा ते शिकवलं. सकाळी शाळेपुढं रांग लागली. मोजणीत आडव्या निघाल्या १९८ आणि उभ्या ११. बायकांनी गुलाल काढला. तेवढ्यात साहेबांनी नियम वाचला. यादीत महिला मतदार ४१२, त्यांतल्या निम्म्याहून जास्त जणींची मतं आडव्या बाटलीला हवीत. आलेल्यांतल्या नव्हे, यादीतल्या. नऊ मतं कमी पडली. दुकान राहिलं.

महिना होता पौष, गावातल्या टोळ्या ऊसतोडीला गेलेल्या. आत्या साहेबांना म्हणाली, "पोरी कोयता घेऊन कारखान्यावर गेल्यात, त्यांचं मत कुनी टाकायचं?" साहेब गप्प.

मला विचाराल तर आपल्याकडे दिवाळी ते गुढीपाडवा कुठलंच मतदान ठेवू नये.

आता डेन्मार्क. १९३९ च्या मे महिन्यात तिथं घटनाबदलावर सार्वमत झालं. मत देणाऱ्यांपैकी सुमारे ९२ टक्के लोक बदलाच्या बाजूने. तरी बदल पडला! कारण यादीतल्या एकूण मतदारांपैकी ४५ टक्क्यांचा होकार हवा होता, मिळाला साडेचव्वेचाळीसच्या आसपास. पुन्हा सांगतो, यादीतल्या एकूण मतदारांपैकी. घरी बसलेल्याचं मत शेवटी नकारातच जमा झालं. १९५३ साली पुन्हा कौल घेतला, तो ४५.७६ टक्क्यांवर काठावर निघाला, आणि त्याच नव्या घटनेत ती अट ४० टक्क्यांवर आणली.

आत्याने पुन्हा मतदान मागायच्या अर्जाची तयारी चालवलीय. या वेळी सही घेताना ती प्रत्येकीला आधी एकच विचारते, "तुमची टोळी कधी परतनार?"