आरवचा ‘आख’ होऊ नये म्हणून

नमस्कार मंडळी. परदेशात वाढणाऱ्या आपल्या मुलांना स्वतःचं नाव मराठीत वाचायला आणि लिहायला कसं शिकवायचं, ते आज बघू.

नाशिकच्या भांडीबाजारात वाटी घेतली की दुकानदार विचारतो, “नाव काय घालायचं?” मग मशीनच्या टोकानं ठिपक्याठिपक्यांत नाव उमटतं. पुढच्या खेपेला आजी-आजोबांना चिवड्याबरोबर नातवंडाच्या नावाची एक वाटी आणायला सांगा. नाव बाहेरच्या बाजूला, जमेल तेवढं मोठं घालायचं. आडनाव, तारीख, ‘सप्रेम भेट’ काही नको. चार वाट्यांतून मुलानं आपली वाटी उचलली की ते वाचनच झालं. लिहिणं पुष्कळ नंतरचं, आणि घाई नेमकी तिथेच होते.

आधी घरात एक ठरवून टाका: नाव कोणतं आणि कसं लिहायचं. पासपोर्टवरच्या रोमन स्पेलिंगवरून उलटं मराठी केलं की आर्याची ‘आर्य’ होते. बाबा ‘अदिती’ लिहितात, मावशी ‘आदिती’, आणि मूल गोंधळतं. मूल ‘चिऊ’ म्हटल्यावरच वळून बघत असेल तर पहिलं कार्ड खुशाल चिऊचं करा.

कार्ड साधारण वीस सेंटिमीटर लांब, अक्षरं पाच सेंटिमीटर उंच, पांढऱ्यावर काळी. चित्र नको, नाहीतर मूल फुलपाखरू ओळखतं, नाव नाही. कार्ड हातानं लिहा. बऱ्याच फोनमध्ये ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे उमटतात. आपला पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ वेगळा. एक कार्ड चपलांच्या जागी, एक पाण्याच्या पेल्यापाशी. सुरुवातीला सईपुढे ‘सई’ आणि ‘गार्गी’ ठेवा. ते जमलं की ‘सई’ आणि ‘सारा’. इथे अडली तर ती नुसता ‘स’ बघत होती, एवढं कळतं.

मग त्याच नावाचं आणखी एक कार्ड करून ते अक्षराअक्षरांत कापा, पण कुठे कापायचं ते जपून. शाळेत मूल ए-ए-आर-ए-व्ही शिकतं आणि इथेही पाच तुकडे शोधतं. आपल्याकडे टाळ्या वाजवा: आ-र-व, तीन. काना, वेलांटी, उकार अक्षरापासून तोडायचे नाहीत. ‘नि’ हा एकच तुकडा. ‘निशा’मधली पहिली वेलांटी उच्चारात न् नंतर येते आणि कागदावर आधी दिसते, म्हणून आम्ही ‘न’ आधी काढून घेतो, डावीकडे एक बोट जागा सोडून. रफार त्याहून अवघड. ‘आर्या’तला र् ‘या’च्या आधी ऐकू येतो आणि बसतो ‘या’च्या डोक्यावर. तो समजावत बसू नका. ‘र्या’ अख्खा दाखवा.

लिहिण्याची सुरुवात ताटात. अर्धा सेंटिमीटर रवा पसरा. थर जाड झाला तर बोटाची रेघ लगेच बुजते. मग पाटी, आणि खडूचा दोन-तीन सेंटिमीटरचा तुकडा. लांब खडू मूल मुठीत धरतं, तुकडा आपोआप चिमटीत येतो. आधी अक्षराचं अंग, मग उभी रेघ, शिरोरेषा सगळ्यात शेवटी. इंग्रजी अक्षरं ओळीवर उभी असतात, आपली ओळीखाली लोंबतात, त्यामुळे शाळेची चार रेघी वही इथे उपयोगाची नाही. एकेरी ओळीची घ्या.

ठिपके जोडण्याच्या छापील पानांवर आमचा फारसा विश्वास नाही. मूल ठिपक्यावरून ठिपक्यावर थांबत जातं, हाताला वळण लागत नाही. (वाटीवरचे ठिपके बघण्यासाठी, गिरवण्यासाठी नव्हेत.) फिक्या पिवळ्या स्केचपेननं नाव लिहून द्या आणि त्यावर गिरवू द्या. काही दिवसांनी शेवटचं अक्षर गाळा, मग शेवटची दोन. शेवटी फक्त सुरुवात कुठून तो ठिपका उरेल. दिवसाला पाच मिनिटं पुरे.

चुका कुठे होतात? ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांत फरक शिरोरेषेच्या तुटण्याचा, आणि मुलं रेघ सरळ ओढून मोकळी होतात. ‘ध’ किंवा ‘भ’ नावात असेल तर तिथे रेघ उचलायला शिकवा. ‘आरव’मध्ये ‘र’ आणि ‘व’ चिकटले की ‘आख’ वाचलं जातं. मध्ये करंगळी ठेवून अंतर घ्यायला सांगा. अक्षर आरशातल्यासारखं उलटं येणं पाच-सहा वर्षांपर्यंत नेहमीचं आहे. खोडरबर आणू नका. शेजारी तेच नाव नीट लिहून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा रव्याचं ताट काढा.