एकच दोष, एकच गोळी, पण अवयव वेगळा

श्रोतेहो, नमस्कार.

परवा सातपूरच्या एक काकू कापडी पिशवीत रिपोर्ट घेऊन माझ्याकडे आल्या. काकांना मोठ्या आतड्याचा कॅन्सर. रिपोर्टमध्ये 'बीआरएएफ व्ही ६०० ई' या ओळीखाली मुलानं लाल पेनानं रेघ मारलेली. "त्वचेच्या कॅन्सरमध्ये हाच दोष असला की एका गोळीनं उतार पडतो म्हणे. मग ह्यांना ती का देत नाहीत?"

प्रश्न अगदी रास्त आहे. पेशीला बाहेरून 'वाढ' असा निरोप आला की तो एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे, हातोहात आत पोचतो. बीआरएएफ हे त्यातलंच एक. त्याच्या ६०० व्या जागी व्हॅलिन जाऊन ग्लुटामिक आम्ल आलं की निरोप नसतानाही ते 'वाढ, वाढ' सांगत सुटतं. २०११ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं व्हेमुराफेनिब नेमकं त्यालाच गप्प करतं. मेलानोमाच्या, म्हणजे त्वचेच्या त्या कॅन्सरच्या, हा दोष असलेल्या जवळपास निम्म्या रुग्णांच्या गाठी त्यानं आटल्या. हाच दोष असलेल्या आतड्याच्या कॅन्सरच्या २१ रुग्णांवर तेच करून पाहिलं, तर गाठ नीट आटली ती एकाचीच.

असं का, ते २०१२ मध्ये उलगडलं. द्वारका चौक बंद केला तरी नाशिकरोडहून पंचवटीला जाणारा रिक्षावाला थांबत नाही; जेल रोडनं, नांदूर नाक्यावरून जातोच. पेशीतही अशी आडवाट आहे, आणि तिच्या तोंडाशी ईजीएफआर नावाचं फाटक. एरवी बीआरएएफचाच रस्ता पुढे जाऊन हे फाटक ओढून धरतो. गोळीनं तो रस्ता बंद पडला की फाटक धरणारा हातही सुटतो, आणि आडवाटेनं निरोपांचा लोंढा आत घुसतो. मेलानोमाच्या पेशींत हे फाटक, म्हणजे आडवाटेचं तोंडच, सहसा फारसं नसतं, म्हणून तिथं गोळी लागू पडते. माझ्या मते ही सबंध विषयातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे: औषध एका प्रथिनाला लागतं, पण उत्तर अख्खं जाळं देतं.

हे कळल्यावर दोन्ही वाटा एकदम अडवायचं ठरलं. बीआरएएफलाच गप्प करणारी एन्कोराफेनिबची गोळी आणि जोडीला ईजीएफआर रोखणारं सेटुक्सिमॅब हे इंजेक्शन, अशा उपचाराला आतड्याच्या कॅन्सरसाठी २०२० मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली. त्यानं आजार मुळापासून जातोच असं नाही, पण रुग्णांचं आयुष्य वाढलेलं दिसलं आहे.

काकूंना मी रिपोर्टच्या कोऱ्या बाजूवर द्वारका चौक काढून दाखवला. त्याखाली डॉक्टरांना विचारायचा प्रश्न मोठ्या अक्षरात लिहून दिला: "ह्या दोषासाठी जोडीचा उपचार ह्यांना चालेल का?"